गणिताची गोळी



गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या गटाची महिन्याची बैठक चालू होती. हप्ते गोळा झाले, वही लिहून झाली, सगळ्या उठायच्या बेतात होत्या. तेवढ्यात एक ताई म्हणाली, "मला एक विचारायचंय, पण कुणी हसू नका." तिनं पिशवीतून घडी घातलेली एक चिठ्ठी काढली.

तिचा मुलगा आठ वर्षांचा, तिसरीत शिकणारा. पायाला भिंगरी लागल्यासारखा. शाळेत बाकावर टिकत नाही, वही घरी विसरतो, पाढे येतात पण अर्ध्यात सोडून खिडकीबाहेर बघतो. बाईंनी तीनदा बोलावून सांगितलं, तेव्हा ताई त्याला शहरातल्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी तासभर विचारपूस केली, आजाराचं नाव सांगितलं 'एडीएचडी', आणि एक गोळी लिहून दिली. ताई चिठ्ठी घेऊन औषधाच्या दुकानात गेली, तर दुकानदार म्हणाला, "हे औषध नशेच्या कायद्यात येतं. चिठ्ठीच्या दोन प्रती लागतील." ताईचे हातपाय गळाले. ती तशीच एसटीत बसून परत आली. घरी सासूबाई म्हणाल्या, "पोरगं वांड आहे, वेडं नाही. फेक ती चिठ्ठी."

ताईचा आम्हाला प्रश्न होता, "नशेच्या यादीतलं औषध लेकराला कसं देतात? आणि लेकराला देण्यासारखं असेल, तर ते नशेच्या यादीत कसं?"

आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो. तेवढ्यात मागून दुसरी एक मैत्रीण हळूच म्हणाली, "त्या गोळीनं अभ्यास चांगला होतो म्हणतात. माझी पोरगी दहावीला आहे. दोन गोळ्या मिळतील का?"

एकच गोळी. एकीला ती विष वाटत होती, दुसरीला वरदान. त्या दिवशी आमच्याकडे दोघींनाही द्यायला उत्तर नव्हतं. म्हणून आम्ही डॉक्टरांना भेटलो, वाचन केलं, आणि रेडिओवर या गोळीची जन्मकथा सांगितली. तीच इथं एकत्र छापत आहोत. ताईच्या प्रश्नाचं उत्तर या कथेतच आहे.

चुळबुळ्या फिलिप

आधी एक गैरसमज दूर करू. अशी मुलं मोबाइल आल्यावर जन्माला आली असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. १७९८ साली स्कॉटलंडच्या अलेक्झांडर क्रिक्टन नावाच्या डॉक्टरांनी आपल्या ग्रंथात लिहून ठेवलं होतं, की काही माणसांचं लक्ष कुठंच ठरत नाही आणि हे लहानपणापासून असू शकतं. जर्मनीत फ्रँकफर्ट शहरात हाइनरिश हॉफमन नावाचे डॉक्टर होते. १८४४ च्या नाताळात आपल्या तीन वर्षांच्या मुलासाठी त्यांनी स्वतःच चित्रांचं पुस्तक तयार केलं. पुढे ते छापलं गेलं, आणि त्यात एक चुळबुळ्या फिलिप आला. तो जेवायला बसला की खुर्चीवर झुलतो, टेबलावरचं कापड ओढतो आणि ताटवाट्यांसकट सगळं खाली पाडतो. आईबाप बघत राहतात. आपल्याकडे पंगतीत असा एखादा फिलिप असतोच की नाही?

१९०२ साली लंडनमध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञांनी डॉक्टरांसमोर व्याख्यानं दिली. त्यांनी सांगितलं, की काही मुलं बुद्धीनं चांगली असतात, पण त्यांना स्वतःला आवरता येत नाही. नीट वाढवलेली, चांगल्या घरातली मुलंही त्यांत होती. ही गोष्ट आपण आयांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. मूल असं झालं की सगळं गाव आधी आईकडे बोट दाखवतं, "लाडानं बिघडवलंय" म्हणून. सव्वाशे वर्षांपूर्वीच एका डॉक्टरला दिसलं होतं, की सगळा दोष संगोपनाचा नसतो.

एम्माचं घर

आता आपण अमेरिकेत जाऊ. तिथल्या ऱ्होड आयलंड या छोट्या राज्यात ब्रॅडली नावाचं श्रीमंत कुटुंब होतं. त्यांची एकुलती लेक एम्मा सात वर्षांची असताना तिला मेंदूचा ताप आला. जीव वाचला, पण मेंदूला कायमची इजा झाली. आईवडिलांनी पुष्कळ उपाय केले, गुण आला नाही. मग त्यांनी ठरवलं, की आपल्यामागे आपली संपत्ती अशाच आजारी मुलांसाठी लागावी. त्यातून १९३१ साली एम्माच्या नावानं मुलांचं रुग्णालय उभं राहिलं.

तिथं चार्ल्स ब्रॅडली नावाचे डॉक्टर काम करत. ते त्याच घराण्यातले. त्या काळी मेंदू बघायला आजच्यासारखी यंत्रं नव्हती. कंबरेतून सुई घालून मेंदूभोवतीचं पाणी काढत, तिथं हवा भरत आणि मग एक्स-रे काढत. त्यानं मुलांचं डोकं भयंकर दुखे. पाणी लवकर भरून यावं आणि डोकेदुखी थांबावी, म्हणून ब्रॅडलींनी मुलांना बेन्झेड्रिन नावाची गोळी देऊन पाहिली. डोकेदुखी काही फारशी थांबली नाही. पण रुग्णालयातल्या शाळेच्या शिक्षकांना वेगळंच दिसलं. जी मुलं कधी पुस्तक उघडत नव्हती, ती बसून गणितं सोडवायला लागली.

ब्रॅडलींनी मग तीस मुलांना आठवडाभर ही गोळी दिली आणि १९३७ साली निष्कर्ष छापले. तिसातल्या चौदा मुलांच्या अभ्यासात ठळक फरक पडला होता. गोळी बंद केली की फरकही गेला. सगळ्यांना सारखा गुण आला नाही, हेही त्यांनी लिहिलं. मुलांनीच त्या गोळीला नाव ठेवलं, 'गणिताची गोळी'.

म्हणजे हे औषध चंचल मुलांसाठी कुणी शोधून काढलं नव्हतं. ते डोकेदुखीसाठी दिलं आणि गुण भलतीकडेच दिसला. त्या काळी मुलांवर अशी औषधं वापरून बघायला आजच्यासारखे नियमही नव्हते. लहान मुलांना काय वाटतं, त्यांच्या आयांना काय वाटतं, हे विचारायची रीत नव्हती. ब्रॅडलींचा शोध पुढे जवळजवळ पंचवीस वर्षं तसाच पडून राहिला.

त्याच गोळीची दुसरी वाट

पण गोळी पडून राहिली नाही. ती दुसऱ्याच वाटेनं निघाली, आणि ताईच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर या वाटेवर आहे.

बेन्झेड्रिनमधलं मूळ द्रव्य म्हणजे ॲम्फेटामिन. ते १८८७ साली बर्लिनमध्ये लाझार एडेलेआनु या रुमानियन रसायनशास्त्रज्ञानं बनवलं होतं, पण त्याचा उपयोग काय हे तेव्हा कुणाला कळलं नव्हतं. चीनमधल्या एका झुडपापासून दम्याचं औषध मिळत असे. त्याला स्वस्त पर्याय शोधताना अमेरिकेतल्या गॉर्डन ॲलस यांनी १९२९ मध्ये ॲम्फेटामिन स्वतःच घेऊन पाहिलं. नाक मोकळं झालं, छाती धडधडली, अंगात हुशारी आली आणि रात्रीची झोप उडाली. पुढे चोंदलेलं नाक मोकळं करायला त्याची हुंगायची नळी बाजारात आली. ती चिठ्ठीशिवाय मिळे. लोक नळी फोडून आतली औषधाची पट्टीच खाऊ लागले.

ब्रॅडलींचा लेख आला त्याच १९३७ साली, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातली पोरं परीक्षेच्या आधी जागरणासाठी बेन्झेड्रिन घेऊ लागल्याची बातमी गाजली. दहावीच्या पोरीसाठी गोळी मागणारी आमची मैत्रीण पहिली नव्हे. तिची मागणी या गोळीइतकीच जुनी आहे.

मग दुसरं महायुद्ध आलं. जर्मनीत ॲम्फेटामिनचं थोरलं भावंड मेथॅम्फेटामिन 'पर्विटिन' नावानं १९३८ पासून विकलं जात होतं. १९४० मध्ये जर्मन सैनिकांना त्याच्या कोट्यवधी गोळ्या वाटल्या गेल्या, झोप न घेता लढत राहावं म्हणून. इंग्लंड-अमेरिकेच्या सैन्यात बेन्झेड्रिन चालायचं. जपानमध्ये 'फिलोपॉन' होतं. युद्ध संपल्यावर जपानमध्ये उरलेला साठा बाजारात आला आणि हजारो लोक त्याच्या आहारी गेले. शेवटी १९५१ साली जपान सरकारला त्यावर कडक कायदा करावा लागला.

आणि बायकांचं काय? १९५० आणि ६० च्या दशकात अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये याच गोळ्या 'बारीक होण्याच्या गोळ्या' म्हणून बायकांना सर्रास लिहून दिल्या जात. भूक मरते, काम उरकतं, चेहरा हसरा राहतो. घरकामानं थकलेल्या, कंटाळलेल्या बाईला गोळी देऊन पुन्हा कामाला लावायचं. तिला थकवा का येतो हे कुणी विचारायचं नाही. कित्येकींना गोळीशिवाय दिवस ढकलता येईना.

मैत्रिणींनो, म्हणून हे औषध नशेच्या यादीत गेलं. औषध म्हणून ते निरुपयोगी ठरलं असं नाही. मोठ्या माणसांनी ते जागरणासाठी, लढाईसाठी, वजनासाठी, मजेसाठी वापरलं आणि त्याच्या गुलामगिरीत अडकले, म्हणून त्याला कुलूप लावावं लागलं.

रीताच्या नावाची गोळी

आपल्या ताईच्या चिठ्ठीवर मात्र ॲम्फेटामिन नव्हतं. भारतात या आजारासाठी त्या गोळ्या मिळत नाहीत. आपल्याकडे मिळतं ते मेथिलफेनिडेट. त्याची कुळी वेगळी, काम बरंचसं सारखं.

ते १९४४ साली स्वित्झर्लंडमध्ये बाझल शहरात लिआन्द्रो पानिझ्झोन या शास्त्रज्ञानं तयार केलं. त्याची बायको मार्गरीट टेनिस खेळण्याआधी ही गोळी घेई, तिला त्यानं तरतरी वाटे. तिचं लाडकं नाव रीता. तिच्यावरूनच गोळीचं नाव पडलं 'रिटालिन'. १९५० च्या दशकात ती बाजारात आली तेव्हा मुलांसाठी नव्हती, थकलेल्या आणि उदास झालेल्या मोठ्यांसाठी होती.

१९६० च्या दशकात अमेरिकेत लिऑन आयझेनबर्ग आणि कीथ कॉनर्स यांनी मुलांवर नीट चाचण्या सुरू केल्या. नीट म्हणजे कशा? काही मुलांना खरी गोळी द्यायची, काहींना तशीच दिसणारी खोटी. कुणाला कोणती, हे मुलांनाही माहीत नाही आणि पाहणाऱ्यालाही नाही. मग दोन्हींत फरक दिसला तरच तो औषधाचा. अशा चाचण्यांत या गोळ्यांचा फरक स्पष्ट दिसला, आणि ब्रॅडलींचं जुनं काम पुन्हा वर आलं.

पण वापर वाढला तशी भीतीही वाढली. १९७० साली अमेरिकेतल्या ओमाहा शहरातल्या शाळकरी मुलांना अशा गोळ्या दिल्या जातात, अशी बातमी एका मोठ्या दैनिकात आली. बातमीत पाच ते दहा टक्के मुलं असा आकडा होता. त्या आकड्यावर पुढे बराच वाद झाला. पण लोक हादरले. मुलांना गप्प बसवायला गोळ्या देताय का, असा प्रश्न थेट तिथल्या संसदेत गेला आणि सुनावणी झाली. पुढच्याच वर्षी, १९७१ मध्ये, अमेरिकेनं ॲम्फेटामिन आणि मेथिलफेनिडेट या दोन्हींना कडक नियंत्रणाखाली आणलं. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांचा मनावर परिणाम करणाऱ्या द्रव्यांबाबतचा करार झाला. भारतात १९८५ साली अमली पदार्थांचा कायदा आला, त्याच्या यादीत मेथिलफेनिडेट आहे. औषधांच्या नियमांत ते 'शेड्यूल एक्स'मध्ये मोडतं. म्हणजे दुकानदारानं ते कुलपात ठेवायचं, दोन प्रतींच्या चिठ्ठीवरच विकायचं आणि एक प्रत दोन वर्षं जपून ठेवायची.

तर ताईला दोन प्रती मागणारा दुकानदार तिच्या लेकराला नशेखोर म्हणत नव्हता. तो नियम पाळत होता. उलट, असं औषध चिठ्ठीशिवाय कुणी हातावर ठेवलं, तर त्या दुकानात पुन्हा जाऊ नये.

मग मुलाला व्यसन लागत नाही का? नोरा व्होल्कोव या संशोधक बाईंनी १९९० च्या दशकात मेंदूची चित्रं काढून हे तपासलं. तोंडानं घेतलेली गोळी मेंदूत हळूहळू पोचते आणि हळूहळू उतरते, म्हणून तिची झिंग येत नाही. चुलीत लाकूड धुमसत पेटतं आणि त्यावर रॉकेल ओतलं की भडका उडतो, तसा हा फरक. नशा करणारे गोळीची पूड करून ओढतात किंवा सुईनं घेतात, म्हणजे रॉकेल ओततात. पण लाकूडही शेवटी जळणच आहे, हे विसरायचं नाही. २०२३ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनानं या सगळ्या गोळ्यांच्या वेष्टनावरचा गैरवापर आणि व्यसनाचा इशारा आणखी ठळक करायला लावला. कारण आजही गोळ्या आजारी मुलाकडून मित्राकडे, भावाकडे, परीक्षेला बसलेल्या कुणाकडे जातात.

दोन बायकांनी घातलेला उजेड

या कथेत आणखी दोन बायकांची नावं घ्यायलाच हवीत.

पहिली, कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञ व्हर्जिनिया डग्लस. १९७२ साली त्यांनी दाखवलं, की या आजारात उड्या मारणं हे मूळ दुखणं नाही. लक्ष टिकवणं आणि स्वतःला थांबवणं, अडचण तिथं आहे. त्यामुळे पुढे १९८० मध्ये आजाराच्या नावातच 'अवधान', म्हणजे लक्ष, हा शब्द आला. ह्यानं मोठं काम झालं. उड्या मारणारा मुलगा सगळ्यांना दिसतो. पण बाकावर शांत बसून, डोळे उघडे ठेवून दुसऱ्याच जगात गेलेली मुलगी कुणाला दिसत नाही. "आळशी आहे, धांदरट आहे, लग्न करून टाका" एवढ्यावर तिचा निकाल लागतो. अशा मुलींकडे बघायची वाट डग्लसबाईंच्या कामानं मोकळी झाली.

दुसऱ्या, अमेरिकेतल्या डॉक्टर ज्युडिथ रॅपोपोर्ट. तोवर सगळ्यांना वाटे, की उत्तेजक औषधानं मूल शांत होतं म्हणजे त्याचा मेंदू उलटा चालतो, म्हणजेच आजार पक्का. रॅपोपोर्टबाईंनी चौदा अगदी निरोगी मुलग्यांना या जातीच्या औषधाचा एकच डोस दिला आणि १९७८ मध्ये निष्कर्ष छापला. तीही मुलं जास्त शांत बसली, त्यांचंही लक्ष वाढलं.

याचा अर्थ नीट समजून घ्या. गोळी दिली, फरक पडला, म्हणजे आजार होताच, असं म्हणता येत नाही. आजार ठरवायचा तो गोळी द्यायच्या आधी, नीट तपासून. आणि दहावीच्या पोरीला गोळीनं चार तास जास्त बसता येईलही, पण त्यानं हुशारी वाढत नाही. भूक, झोप आणि छातीच्या धडधडीचा हिशेब मात्र तिलाच चुकवावा लागतो.

धोक्यांचा हिशेब

आता मुख्य प्रश्न. ही गोळी सुरक्षित आहे का? याचं हो किंवा नाही असं एका शब्दात उत्तर नाही. पण हिशेब मांडता येतो.

नेहमी दिसणारे त्रास म्हणजे भूक मंदावणं, झोप उशिरा लागणं, पोट किंवा डोकं दुखणं, चिडचिड. नाडी आणि रक्तदाब थोडे वाढतात. बहुतेक वेळा डोस किंवा वेळ बदलून हे आटोक्यात येतं.

उंचीचं काय? अमेरिकेत १९९० च्या दशकात ५७९ मुलांचा एक मोठा अभ्यास सुरू झाला. काहींना औषध, काहींना वागणूक शिकवण्याचे उपचार, काहींना दोन्ही, आणि काहींना गावात मिळेल तो इलाज. चौदा महिन्यांनी दिसलं, की काळजीपूर्वक दिलेल्या औषधानं लक्षणं जास्त कमी झाली. दोन्ही मिळून घेणाऱ्यांना औषध कमी लागलं. पण तीन वर्षांनी बघितलं तर चारही गटांतला फरक पुसला गेला होता. आणि सतत गोळी घेणारी मुलं, न घेणाऱ्यांपेक्षा सुमारे दोन सेंटिमीटर कमी वाढली होती. आपल्याकडे जिथं मूल आधीच अशक्त असतं, तिथं ही गोष्ट डॉक्टरांना मुद्दाम विचारली पाहिजे.

हृदयाचं काय? २००५ साली कॅनडानं ॲम्फेटामिनच्या एका गोळीची विक्री थांबवली, कारण ती घेणाऱ्या वीस जणांच्या अचानक मृत्यूच्या नोंदी पुढे आल्या होत्या. सहा महिन्यांनी तपासणी करून विक्री पुन्हा सुरू झाली. २०११ मध्ये बारा लाखांवर मुलं आणि तरुणांच्या नोंदी तपासल्या गेल्या, त्यात हृदयाचा गंभीर धोका वाढल्याचं दिसलं नाही. पण ज्याला जन्मापासून हृदयाचं दुखणं आहे, किंवा ज्याच्या घरात कमी वयात कुणी अचानक गेलंय, त्यानं हे आधी सांगितलंच पाहिजे. आणि २०२३ मध्ये स्वीडनच्या एका अभ्यासात दिसलं, की वर्षानुवर्षं गोळी घेणाऱ्यांत रक्तदाबाचा त्रास जास्त आढळतो. म्हणून रक्तदाब मोजत राहायचा.

मनाचं काय? २०१९ मध्ये छापलेल्या अभ्यासात, या गोळ्या घेणाऱ्या १३ ते २५ वयाच्या सुमारे ६६० जणांमागे एकाला भास-भ्रम होण्याचा त्रास दिसला. तो ॲम्फेटामिन घेणाऱ्यांत जास्त, मेथिलफेनिडेट घेणाऱ्यांत कमी होता. मूल नसलेले आवाज ऐकू येतात म्हणालं किंवा एकदम वेगळंच वागू लागलं, तर थांबायचं नाही, लगेच डॉक्टर गाठायचा.

दुसऱ्या पारड्यात काय आहे, तेही बघू. २०१२ मध्ये स्वीडनमध्ये हा आजार असलेल्या पंचवीस हजारांवर माणसांच्या नोंदी तपासल्या. औषध चालू असतानाच्या काळात गुन्ह्यांचं प्रमाण पुरुषांत ३२ टक्के आणि बायकांत ४१ टक्के कमी होतं. म्हणजे इलाज न करणं हेही फुकट पडत नाही. शाळा सुटते, मार बसतो, अपघात होतात, पोर वाईट वाटेला लागतं. त्याचाही हिशेब धरायला हवा.

आणि तज्ज्ञांचं एकमत आहे का? नाही. २०१५ साली मेथिलफेनिडेटच्या १८५ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. फायदा दिसतो, पण पुराव्याचा दर्जा कच्चा आहे, असा निष्कर्ष निघाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ही गोळी घालावी म्हणून २०१९ आणि २०२१ मध्ये मागणी झाली, दोन्ही वेळा ती मान्य झाली नाही. दुसरीकडे अनेक देशांतले डॉक्टर सहा वर्षांपुढच्या मुलांना, नीट तपासून, ही गोळी पहिल्या उपायांत धरतात. ज्या कॉनर्स यांनी सुरुवातीच्या चाचण्या केल्या, त्यांनीच उतारवयात उघड टीका केली, की आता गरज नसलेल्या कितीतरी मुलांवर हा शिक्का बसतोय.

या शिक्क्याबद्दलची एक गोष्ट आमच्या मनाला फार लागली. कॅनडातल्या एका प्रांतात डिसेंबरअखेर वय धरून मुलांना शाळेत घेतात. म्हणजे डिसेंबरात जन्मलेलं मूल वर्गात सगळ्यात लहान, जानेवारीतलं सगळ्यात मोठं. २०१२ मध्ये छापलेल्या अभ्यासात दिसलं, की डिसेंबरातल्या मुलग्यांवर या आजाराचा शिक्का ३० टक्के जास्त आणि मुलींवर ७० टक्के जास्त बसला होता. जन्ममहिन्यानं आजार होतो का? नाही. लहान मूल लहान मुलासारखं वागलं, आणि त्याला आजार म्हटलं गेलं. आपण घाईनं पहिलीत बसवलेली पोरं आठवा.

ताईनं पुढे काय केलं

आम्ही ताईसोबत बसून एक कागद लिहिला. ती तो घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे गेली. कागदावरचे प्रश्न असे होते:

मुलाचे कान आणि डोळे तपासले का? अंगात रक्त कमी नाही ना? फिट येत नाही ना? झोप पुरते का?

हा त्रास शाळेत आणि घरी, दोन्हीकडे दिसतो का? शाळेतल्या बाईंचं म्हणणं विचारलं का?

मूल वर्गातल्या बाकीच्यांपेक्षा लहान आहे का?

सुरू करण्याआधी उंची, वजन, नाडी, रक्तदाब लिहून ठेवाल का? पुन्हा कधी मोजायचं?

गोळीशिवाय काय करता येईल? आम्हाला घरी काय शिकवाल?

किती दिवसांनी बंद करून बघायचं? आणि नशेच्या यादीत नसलेलं दुसरं औषध आहे का?

शेवटच्या प्रश्नावर डॉक्टरांनी ॲटोमॉक्सेटिन नावाच्या औषधाची माहिती दिली. ते उत्तेजक नाही, पण त्याचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि त्याचेही त्रास आहेत. ताई सांगत होती, "कागद बघून डॉक्टर रागावतील वाटलं होतं. त्यांनी खुर्ची पुढे ओढली."

मुलाच्या शरीरात रक्त कमी निघालं. आधी त्याचा इलाज झाला. बाईंनी त्याला पहिल्या बाकावर घेतलं, दर तासाला फळा पुसायचं काम दिलं, म्हणजे उठायला निमित्त. ताईनं अभ्यासाचे दहा-दहा मिनिटांचे तुकडे केले. थोडा फरक पडला, पुरेसा नाही. मग दिवाळीनंतर कमी डोसानं गोळी सुरू झाली. दुपारी त्याची भूक मरते, म्हणून ताई सकाळी गोळीच्या आधी पोटभर भाकरी-दूध देते आणि रात्री पुन्हा जेवू घालते. अंगणवाडीताई दर महिन्याला त्याचं वजन करून वहीत लिहितात. गोळ्यांची पाकिटं कपाटात कुलपात असतात आणि मोजलेली असतात. सासूबाई अजून पूर्ण राजी नाहीत. पण परवा त्या म्हणाल्या, "पोरगं गोष्ट शेवटपर्यंत ऐकतंय."

त्याला ही गोळी किती वर्षं लागेल, कुणी सांगितलेलं नाही. दर सहा महिन्यांनी तो हिशेब पुन्हा मांडायचा आहे.

दहावीच्या पोरीच्या आईलाही आम्ही हीच कथा ऐकवली. मिनेसोटाची पोरं, जपानचा बाजार, बारीक होण्याच्या गोळ्या, सगळं. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "म्हणजे पोरीला झोपू द्यायला पाहिजे." आम्ही म्हटलं, तेच सगळ्यात स्वस्त आणि पक्कं औषध.

मैत्रिणींनो, तुमच्या गावातलं असं मूल दिसलं तर शाळा आणि अंगणवाडीत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला दाखवा. त्यांच्या तपासणीच्या यादीत हा आजार आहे, आणि पुढची तपासणी जिल्ह्याच्या केंद्रात होते. मनाच्या आजाराबद्दल काही विचारायचं असेल तर सरकारचा टेलिमानस हा फोन आहे, १४४१६. पैसे लागत नाहीत.

आणि पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाल्यावर एक गोष्ट करा. आपल्या गावातलं सगळ्यात वांड म्हणून ओळखलं जाणारं पोर आणि सगळ्यात गप्प, हरवलेली पोर, दोघांची नावं घ्या. त्यांच्या आयांना कुणी काय बोललं असेल, ते आठवा. मग त्यांच्याकडे जाऊन बसा, आणि प्रश्नांचा कागद त्यांच्यासोबत लिहा.